वहीतली तिसरी

रेखाची आणि माझी ओळख एका पुस्तकावरून भांडण होऊन झाली. नाशिकला इंदिरानगरात आमच्या गल्लीच्या टोकाला एका काकांनी आपल्या गॅरेजमध्ये वाचनालय काढलं होतं. गाडी त्यांच्याकडे नव्हतीच. तिथं नव्या कादंबरीची एकच प्रत आली होती, ती मी उचलली आणि मागून एक मुलगी म्हणाली, "ती मी घेणार होते." मी म्हटलं, आधी मी घेतलीय. ती म्हणाली, "घे. पण सांगून ठेवते, शेवटी नायिका विहिरीत उडी मारते." मी चिडले. वाचलेली आहे तर परत कशाला हवी, असं विचारलं. तिनं अगदी सरळ सांगितलं, "ती विहिरीत का जाते तेच कळलं नाही मला. माझं कुठलं पान सुटलं का बघायचं होतं."

रेखा कळवणची. अकरावीसाठी मामाकडे राहायला आली होती. आई लहानपणीच गेलेली, वडील शेतकरी, घरी दोन धाकटे भाऊ. मामांचं रो-हाऊस आमच्या मागच्या गल्लीत होतं. शहरात येऊन सहा महिने झाले होते तरी बोलताना मध्येच तिच्या तोंडून अहिराणीतलं 'शे' निसटायचं आणि मामी लगेच 'आहे म्हण' असं दुरुस्त करायची. मामी वाईट नव्हती. पण या मुलीला आपण ठेवून घेतलंय, हे त्या घरातल्या प्रत्येक कपबशीला माहीत होतं. रेखा सकाळी पाणी भरायची, पोळ्या लाटायची, मग कॉलेजला यायची. डब्यात बहुतेक वेळा आदल्या रात्रीची भाजी असायची. आमच्या घरी मात्र ती आली की आई तिला मुद्दाम ताजी बाजरीची भाकरी करून वाढायची, वर लसणाची लाल चटणी आणि कच्चं तेल. रेखा मान खाली घालून खायची आणि खाताना एक शब्द बोलायची नाही. एरवी ती फार बोलायची.

आमची वही त्या भाकरीच्याच वेळेला सुरू झाली असावी. दोनशे पानी मोठी वही, खाकी कव्हर, वर लेबल 'रसायनशास्त्र'. त्या वहीत आम्ही पाहिलेले सिनेमे, वाचलेली पुस्तकं आणि पेपरातल्या बातम्या यांच्याबद्दल लिहायचो. एक दिवस ती माझ्याकडे, एक दिवस तिच्याकडे. मी लांबलचक लिहायची. 'नायिकेच्या डोळ्यांतली व्याकुळता' वगैरे शब्द मी तेव्हा वापरत होते, आज आठवलं तरी कानकोंडं व्हायला होतं. रेखा दोन ओळींत निकाल लावायची. टीव्हीवर रविवारी लागलेल्या एका सिनेमाबद्दल तिनं लिहिलं होतं, 'नवरा मारतो. शेवटी देवळात रडतो. ती माफ करते. उद्या सकाळी तो परत मारणार नाही कशावरून? सिनेमा उद्या सकाळपर्यंत चालायला पाहिजे होता.' तिच्यासमोर मी मोठ्यानं हसले आणि घरी आल्यावर माझं व्याकुळतेचं पान फाडलं.

बातम्या कापून चिकटवायचं तिचंच डोक्यातलं. आमच्याकडे पेपर शिळा झाला की आई डब्यांच्या फळीवर अंथरायची, त्याआधी रेखा तो चाळायची. निवडणुका, विमानं, क्रिकेट हे सगळं माझ्या वाट्याला. ती कापायची त्या आतल्या पानावरच्या चार ओळींच्या बातम्या. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली.' अशा काही बातम्या जमल्यावर तिनं खाली लिहिलं, 'सासवासुद्धा स्वयंपाक करतात. त्यांच्या अंगावर स्टोव्ह का भडकत नाही?' मी त्याच्याखाली काहीच लिहिलं नाही. पुढच्या वेळी आपण नाटकाबद्दल लिहू, असं मी सुचवलं होतं.

मामांच्या शेजारच्या घरात वर्षावहिनी राहायची. लग्न होऊन दीडेक वर्ष झालेलं. तिचे सासरे मामांच्याच कारखान्यात साहेब होते आणि मामांना ती नोकरी त्यांनीच लावली होती, त्यामुळे मामा त्यांच्याशी बोलताना चप्पल काढून उभे राहायचे. दोन्ही घरांच्या मागे धुणं धुवायच्या जागा होत्या, मध्ये खांद्याइतकी भिंत. त्या भिंतीवरून एकदा वर्षावहिनीनं रेखाला विचारलं, "वाचायला काही आहे का गं? काहीही चालेल." मग वाचनालयातली पुस्तकं ओल्या कपड्यांच्या बादलीत घालून इकडून तिकडे जायला लागली. आणि एक दिवस रेखानं मला न विचारता आमची वहीच तिला दिली. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. वही परत आली तेव्हा त्यात पेन्सिलीनं, बारीक आणि विलक्षण सुंदर अक्षरात तीन ओळी लिहिल्या होत्या. रविवारच्या त्या सिनेमाबद्दल. 'मी हा सिनेमा माहेरी असताना पाहिला होता, तेव्हा शेवट आवडला होता. आता रेखाचं पटतं.'

अशी ती आमच्यात आली. तिनं कधी स्वतःबद्दल म्हणून काही लिहिलं नाही, हे मला नीट सांगितलं पाहिजे. ती पुस्तकाबद्दलच लिहायची. 'या कादंबरीतली सून माहेरी पत्र पाठवते. पत्र पेटीत टाकायला तिला कोण जाऊ देतं, ते लेखिकेनं सांगितलेलं नाही.' किंवा, 'गोष्ट चांगली आहे. पण मार खाल्लेली बाई दुसऱ्या दिवशी इतकी बोलत नाही. जबडा दुखतो.' आम्ही दोघी सोळा वर्षांच्या. पहिल्यांदा मला वाटलं, वहिनी किती बारकाईनं वाचते. जबड्याच्या ओळीनंतर मात्र मी रेखाकडे पाहिलं आणि रेखानं माझ्याकडे, आणि त्या दिवशी आम्ही वही मिटून ठेवली. त्यानंतर रेखाच्या घरी गेले की माझे कान भिंतीला लागायचे. दुपारी शेजारचा टीव्ही एकदम मोठा व्हायचा. मामी लगेच आपला मिक्सर लावायची, भिजवलेलं काही नसलं तरी. मिक्सर, टीव्ही, कोपऱ्यावरच्या बांधकामावरची खडी, हे सगळे आवाज त्या वर्षात माझ्या डोक्यात असे बसले की अजूनही कुठल्या घरात भर दुपारी टीव्ही मोठा झाला तर माझा हात हातातल्या कामावरून निघतो.

मी घरी एकदा चाचपून पाहिलं. बाबा पहिल्या पाळीहून आले होते, चहा घेत होते. मी विचारलं, "बाबा, एखाद्या घरात काही वाईट होणार आहे असं आधीच कळलं तर काय करायचं?" बाबांनी बशी खाली ठेवली. "कोणाच्या घरात?" मी म्हटलं, कोणाच्या नाही, असंच, पुस्तकात आहे. ते म्हणाले, "पुस्तकातलं पुस्तकात. आपण लोकांच्या घरात डोकवायचं नाही." आई ओट्यापाशी पाठमोरी होती. तिच्या हातातलं लाटणं थांबलं होतं.

मग ती वही आली. शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर रेखानं मला सायकल स्टँडच्या मागे नेलं आणि पान उघडून दिलं. रेखानं जिथं भडक्याच्या बातम्या चिकटवल्या होत्या, त्यांच्याच खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'या बायकांच्या घरात आधी काय काय हललं होतं, ते पेपरवाले विचारत नाहीत. आमचा रॉकेलचा डबा माळ्यावर असतो. परवा तो खाली ओट्याजवळ आणून ठेवलाय. स्टोव्हही काढलाय. सिलिंडर भरलेला आहे. वाचून झालं की एवढं खोडून टाका.'

मी तीन वेळा वाचलं. मग कंपासपेटीतून खोडरबर काढलं आणि खोडायला लागले. रेखानं माझं मनगट धरलं.

"काय करतेस?"

"तिनंच सांगितलंय."

"तिनं खोडायला सांगितलंय, पण आधी लिहिलंय ना. कशासाठी लिहिलं असेल?"

मी म्हटलं, सिलिंडर संपत आला असेल, आमच्याकडेही संपायच्या आधी स्टोव्ह काढून ठेवतात. मी हे बोलत होते आणि माझा आवाज मलाच खोटा वाटत होता. पोलिसात जाऊ या का, असं रेखा म्हणाली तेव्हा मीच अडवलं. तिथं आपल्याला कोण उभं करणार, ते सरळ मामांना बोलावतील, मामा साहेबांना सांगतील. दुपारभर आम्ही तिथं बसलो. सायकली एकेक करून निघून गेल्या. शेवटी रेखा म्हणाली, "तिचं माहेर सिन्नरला आहे. वडील शाळेत गुरुजी होते. उद्या सकाळचं कॉलेज बुडवायचं."

मी हो म्हटलं. मला नाही म्हणता आलं नाही, एवढंच. त्यात शौर्य काही नव्हतं.

शनिवारी आम्ही कॉलेजच्या वेळेला निघालो आणि सिन्नरच्या एसटीत बसलो. नाशिकरोडपर्यंत मी ओढणीनं तोंड झाकून बसले होते, बाबांच्या ओळखीचं कोणी चढेल म्हणून. मोहदरीचा घाट लागला तेव्हा मला मळमळायला लागलं. रेखा खिडकीशी ताठ बसली होती, मांडीवर वही, वहीवर दोन्ही हात. मला वाटत होतं, हिला कशाचीच भीती कशी वाटत नाही. शेजारी कोणी अशी बिनघोर बसलेली असली की आपली भीती दुप्पट होते, हे मला त्या घाटात कळलं.

सिन्नरला उतरून विचारत विचारत गेलो. गुरुजींचं घर देवळाच्या बाजूच्या आळीत सापडलं. ओसरीवर वर्षावहिनीची आई लसूण सोलत बसली होती. आम्ही कोण ते सांगितलं तशी तिच्या हातातली पाकळी तशीच राहिली. "वर्षी बरी हे ना?" तिनं विचारलं. रेखानं वही आतून बाहेर आलेल्या गुरुजींच्या हातात दिली. वर्षावहिनीच्या आईला वाचता येत नव्हतं. गुरुजींनी चष्मा लावला, पान डोळ्यांजवळ नेलं, आणि पहिली गोष्ट ते म्हणाले ती अशी, "अक्षर तिचंच आहे. मीच वळण लावलंय." मग ते मोठ्यानं वाचायला लागले. 'ओट्याजवळ आणून ठेवलाय' इथपर्यंत आले आणि थांबले.

"पुढं वाचा," आई म्हणाली.

"पुढं काही नाही."

"आहे," रेखा म्हणाली. आणि तिनं राहिलेल्या ओळी पाठ म्हणून दाखवल्या, 'स्टोव्हही काढलाय' इथपासून. शाळेत कविता म्हणतात तशी, दोन्ही हात सरळ ठेवून.

गुरुजी बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "उद्या रविवार आहे. मी चार माणसं घेऊन जातो, त्यांच्याशी नीट बोलून घेऊ. असं एकदम गेलं तर बरं दिसणार नाही." वाईट माणूस नव्हता तो. वर्षावहिनीची आई उठली, हात धुतले, आत गेली आणि दुसरं लुगडं नेसून बाहेर आली. "तुम्ही उद्या या," ती नवऱ्याला म्हणाली. "मी आत्ता जाते."

येताना एसटी नव्हती म्हणून जीप पकडली. जीपमध्ये माणसं कोंबलेली, आम्ही तिघी मागच्या फळीवर. सगळ्या वाटेत त्या बाईनं आम्हाला एकच प्रश्न विचारला, "ती जेवती का नीट?" मग ती बाहेर बघत बसली. मी मनात आकडे मोजत होते, शंभरपर्यंत, परत एकपासून. आम्ही पोचू तेव्हा घरासमोर गर्दी असली तर काय, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. आणि गर्दी असली तर काल दुपारी मी खोडरबर काढलं होतं, हे मला जन्मभर बरोबर घेऊन जगावं लागणार होतं.

गल्लीत गर्दी नव्हती. दुपारचे अडीच-तीन झालेले, सगळी दारं लोटलेली. कोपऱ्यावरच्या बांधकामापाशी आल्यावर माझे पाय थांबले आणि मी खडीच्या ढिगामागे गेले. कोणी मला जा म्हटलं नव्हतं. रेखानं एकदा मागे वळून बघितलं, मग ती पुढे गेली आणि लेकीच्या सासरी पहिल्यांदाच आलेल्या त्या बाईला तिनं बोट करून घर दाखवलं. नेमकी तेव्हाच वर्षावहिनीची सासू दार उघडून बाहेर आली. तिनं रेखाला पाहिलं, रेखाचं बोट पाहिलं आणि विहिणीला पाहिलं.

"न कळवता आलात?" सासू म्हणाली.

"वर्षीला भेटायला."

"झोपलीय ती. बरं नाही तिला."

"बरं नाही तर बघायलाच पाहिजे. उठवा."

"औषध देऊन झोपवलंय. संध्याकाळी हे आल्यावर या."

"मी बसते," वर्षावहिनीची आई म्हणाली आणि पायरीवर बसली. अगदी दाराच्या मध्ये, म्हणजे दार लावता येणार नाही अशी. घरात टीव्ही चालू होता. तो मोठा झाला. ती बाई हलली नाही. तिनं आवाज चढवला नाही, कुणाला हाक मारली नाही. तीनचार घरांची दारं किलकिली झाली. मामीही बाहेर आली आणि रेखाला दंडाला धरून आत ओढून घेऊन गेली. खडीमागे माझ्या चपलेत खडे गेले होते, पण खाली वाकायची मला हिंमत नव्हती. किती वेळ गेला माहीत नाही. मग टीव्ही बंद झाला आणि वर्षावहिनी दारात आली. घरातलीच साडी, उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं, पायात कुणाच्यातरी पुरुषी स्लीपर. आईनं तिचा डावा हात धरला. सासू म्हणाली, "आत्ता गेलीस तर या दारात परत पाय ठेवायचा नाही." वर्षावहिनीनं काही ऐकलं की नाही, कोण जाणे. त्या दोघी माझ्यापासून हातभर अंतरावरून गेल्या. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

संध्याकाळी सातच्या सुमाराला मामा-मामी रेखाला घेऊन आमच्या घरी आले. मामांचा चेहरा पांढरा पडला होता. आज मला वाटतं, त्या दिवशी आम्हा सगळ्यांत जास्त घाबरलेला माणूस तो असेल. ते बाबांना म्हणाले, "भाऊसाहेब, साहेबांनी मला घरी बोलावून घेतलं. माझी नोकरी आता त्यांच्या हातात आहे. पोरगी सिन्नरला जाऊन काहीबाही सांगून आली म्हणे. एवढ्या लांब एकटी जायची नाही ती. तुमची शुभा होती का हिच्याबरोबर?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी आईच्या पुढे, मधल्या दारात उभी होते. तेवढ्यात रेखा म्हणाली, "नव्हती. मी एकटीच गेले."

"शुभा?" बाबांनी विचारलं.

"मला काही माहीत नाही," मी म्हटलं.

तेवढी चार पावलं चालून तिच्या शेजारी जाऊन उभं राहायचं होतं. मी जागची हलले नाही. तीन दिवसांनी तिला कळवणच्या गाडीत बसवून दिलं. मी स्टँडवर गेले नाही. डोकं दुखतंय असं आईला सांगितलं आणि पांघरुणात पडून राहिले. आईनं डोक्याला बाम लावला, आणि लावता लावता हळूच म्हणाली, "तुझ्या ओढणीच्या गाठीत सिन्नरचं तिकीट होतं. मी फाडून टाकलं." तिनं मला दुसरं काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. आमच्या घरात या विषयावरचं ते पहिलं आणि शेवटचं बोलणं.

वर्षावहिनी वाचली. वही गुरुजींनी वकिलाकडे दिली, ती आम्हाला परत मिळाली नाही. काडीमोड व्हायला काही वर्षं गेली. नंतर ती सिन्नरलाच बालवाडीत शिकवायला लागली, असं कुणाकडून तरी कळलं. मामांची नोकरी गेली नाही, बदली झाली. रेखाला मी चार पत्रं लिहिली. पहिल्या पत्रात सिनेमाबद्दल लिहिलं, दुसऱ्यातही. मूळ गोष्ट एकातही नव्हती. तिचं एकही उत्तर आलं नाही. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

पुढे मी शिक्षिका झाले. मोबाइल नुकते सगळ्यांच्या हातात आले होते त्या सुमाराला परीक्षेच्या कामासाठी मला कळवणला पाठवलं. दोन दिवस टाळलं आणि तिसऱ्या दिवशी पत्ता काढून तिच्या घरी गेले. अंगणात कांदा पसरलेला. रेखा अंगानं भरली होती, केस पुढून पांढरे व्हायला लागले होते. तिनं मला ओळखलं, पाणी दिलं, चहा टाकला. आम्ही मुलांचं बोललो, पावसाचं बोललो. मग मी एकदाचं म्हटलं, "रेखा, त्या दिवशी मी खोटं बोलले."

"मी पण खोटं बोलले."

"तू माझ्यासाठी बोललीस. तुला राग नाही आला?"

"आला ना. लय आला. तुझी पत्रं न फोडता ठेवली होती." ती कांदे उलटेपालटे करत होती. "मग पोरगी झाली, तिला बारावी करायचं डोक्यात घेतलं. तिच्यामागं लागले, तुझा राग मागं पडला."

मी विचारलं, "मग माझं नाव का नाही घेतलंस तेव्हा?"

तिनं हातातला कांदा बाजूला ठेवला. "तुझी आई तुझ्या मागं उभी होती. तिनं तुझ्या वेणीचं टोक मुठीत धरलं होतं, घट्ट. तुला माहीत नसंल. मला ते दिसत होतं."

मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "तुला भीती कशी वाटली नाही गं? मी घाटात मरायला टेकले होते, आणि तू अशी बसली होतीस."

रेखा माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी वेड्यासारखं बोलल्यासारखी. "मला भ्या वाटत नव्हतं?" ती म्हणाली. "अगं, त्या एसटीत मी कपड्यातच मुतले होते. म्हणून तर उठेपर्यंत वही मांडीवर धरून बसले." मग ती आत गेली आणि चहा गाळायला लागली. मी अंगणात कांद्यांपाशी बसून राहिले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तिच्यासाठी रडू आलं.